अरुंद गळ्यातला झोत

शहराला वीज पुरवणाऱ्या मोठ्या उपकेंद्राच्या कुंपणाआड चिनी मातीचे उंच, कड्याकड्यांचे खांब उभे असलेले दिसतात. त्यांतल्या काही खांबांच्या पोटात सर्किट ब्रेकर असतो. वर्षातले बहुतेक दिवस त्याला काही काम नसते. मात्र एखाद्या वाहिनीवर झाड कोसळले किंवा वीज पडली की चाळीस-पन्नास हजार अँपिअरचा प्रवाह क्षणार्धात उसळतो आणि तो दोन-तीन आवर्तनांच्या आत, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास, तोडावा लागतो. ब्रेकरमधले धातूचे संपर्क एकमेकांपासून दूर होतात, पण प्रवाह काही लगेच हार मानत नाही. मधल्या वायूलाच वाहक करून तो वाट काढतो आणि तिथे वीस हजार अंशांच्या घरात तापलेली विद्युत प्रज्योत पेटते. सूर्याच्या पृष्ठभागाहून ती तिपटीपेक्षा अधिक तप्त असते. तिला विझवण्यासाठी वायूचा जो झोत सोडतात, तो एका विशिष्ट आकाराच्या नॉझलमधून सोडतात. हे नॉझल आधी निमुळते होत जाते, मध्ये त्याचा गळा अगदी अरुंद असतो आणि पुढे ते कर्ण्यासारखे रुंदावते.

अभियंते याला डी-लाव्हाल नॉझल म्हणतात. हे नाव ज्या स्वीडिश माणसावरून पडले, त्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी सर्किट ब्रेकर कधी केला नाही. दुधातून साय वेगळी करण्याच्या यंत्राला फिरवायचे कसे, या खटपटीत ते वाफेच्या झोताकडे वळले आणि तिथून या आकारापर्यंत पोहोचले. आपल्या नॉझलमध्ये वाफ नेमके काय करते, हे त्यांना स्वतःलाही खात्रीने माहीत नव्हते. ते शोधून काढायला इतरांना पुढची अनेक वर्षे लागली. ब्रेकरपुरते बोलायचे, तर तो शोध अजून संपलेला नाही.

कार्ल गुस्ताफ पॅट्रिक द लाव्हाल यांचा जन्म ९ मे १८४५ रोजी स्वीडनच्या दालार्ना प्रांतातील ओर्सा या गावी झाला. घराणे मूळचे फ्रान्समधले. सतराव्या शतकात स्वीडनला येऊन सरदारपदाला पोहोचलेले. दालार्ना हा खाणींचा, जंगलांचा आणि लोखंडाच्या भट्ट्यांचा मुलूख. गुस्ताफ स्टॉकहोमच्या तंत्रशिक्षण संस्थेतून १८६६ मध्ये अभियंता होऊन बाहेर पडले आणि फालूनच्या प्रसिद्ध तांब्याच्या खाणकंपनीत नोकरीला लागले. तिथे मन रमेना. पुन्हा शिकायचे ठरवून ते उप्साला विद्यापीठात गेले आणि १८७२ मध्ये त्यांनी रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. यंत्रांचा अभियंता आणि रसायनशास्त्राचा डॉक्टर, असा दुहेरी पिंड त्या काळी विरळाच होता. पुढे त्यांच्या डोक्यात एकाच वेळी दहा विषय का घोळत असत, याचे थोडेसे उत्तर या शिक्षणातही सापडते.

त्यानंतर क्लोस्तर येथील लोखंडाच्या कारखान्यात ते अभियंता म्हणून काम करू लागले. १८७७ मध्ये त्यांच्या वाचनात एका जर्मन नियतकालिकातला लेख आला. विल्हेल्म लेफेल्ड्ट या जर्मन अभियंत्याने दूध भांड्यात गरगर फिरवून साय वेगळी करण्याची युक्ती काढली होती. दूध संथ ठेवले की हलकी साय वर येते, हे घरोघरी माहीत असते. पण त्याला वेळ लागतो आणि तोवर दूध आंबण्याची धास्ती असते. वेगाने फिरवले तर तेच काम काही मिनिटांत होते. लेफेल्ड्टच्या यंत्रात एक अडचण होती. साय काढण्यासाठी प्रत्येक वेळी यंत्र थांबवावे लागे. लाव्हाल यांनी असे भांडे घडवले, की एका बाजूने दूध आत येत राहावे आणि साय व उरलेले दूध दोन वेगळ्या वाटांनी अखंड बाहेर पडत राहावे. १८७८ मध्ये या यंत्राचे पेटंट झाले. ऑस्कर लाम या व्यवहारकुशल भागीदाराच्या साहाय्याने धंदा सुरू झाला आणि १८८३ मध्ये त्याची ‘सेपरेटर’ नावाची कंपनी झाली. क्लेमेन्स फॉन बेख्टोल्सहाइम या जर्मन संशोधकाची ‘अल्फा’ चकत्यांची कल्पना तिने पुढे विकत घेतली आणि यंत्राची क्षमता कित्येक पटींनी वाढली. हीच कंपनी १९६३ मध्ये ‘अल्फा लाव्हाल’ झाली. दापोडीला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरची तिच्या कारखान्याची पाटी पुणेकरांच्या चांगल्या परिचयाची आहे. पाटीवरच्या नावाचा उत्तरार्ध हे एका माणसाचे आडनाव आहे, हे मात्र तिथून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांच्या मनात येत असेल कोण जाणे.

सायीच्या यंत्राचे भांडे मिनिटाला सहा-सात हजार फेरे घेई. त्या काळचे वाफेचे इंजिन मिनिटाला फार तर काहीशे फेरे घेणारे. मग पट्टे, चाके आणि दंतचक्रे यांचा पसारा मांडून वेग वाढवायचा, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. वाफेनेच थेट वेगाने फिरणारे चाक का असू नये, हा लाव्हाल यांचा प्रश्न होता. १८८३ च्या सुमारास त्यांनी इंग्रजी एस अक्षराच्या आकाराची, दोन्ही टोकांतून वाफ फेकत स्वतःभोवती फिरणारी नळी करून पाहिली. दिवाळीतले भुईचक्र ज्या तत्त्वावर फिरते, तेच हे तत्त्व. ती मिनिटाला ४२,००० फेऱ्यांपर्यंत पोहोचली, पण वाफ फार खाई. तेव्हा त्यांनी उलट मार्ग धरला. नळी स्थिर ठेवायची, तिच्यातून वाफेचा झोत सोडायचा आणि तो चाकाच्या कडेवर बसवलेल्या वक्र पात्यांवर आदळू द्यायचा.

इथे त्या अरुंद गळ्याचा संबंध येतो. पाण्याच्या पाइपचे तोंड बोटाने दाबले की धार जोरात उडते. वाट अरुंद झाली की वेग वाढतो, ही आपली रोजची समजूत. वाफेच्या बाबतीतही ती काही अंतरापर्यंत खरी ठरते. मात्र बाहेरचा दाब आतल्या दाबाच्या साधारण निम्म्यावर आला की निमुळत्या तोंडाशी वाफेचा वेग ध्वनीच्या वेगाला भिडतो आणि तिथेच अडतो. मग बाहेरचा दाब कितीही कमी करा, गळ्यातून जाणारी वाफ वाढत नाही; उरलेली शक्ती बाहेर आडवीतिडवी पसरण्यात वाया जाते. लाव्हाल यांनी १८८८-८९ च्या सुमारास गळ्याच्या पुढे नळी रुंदावत नेली. समजुतीप्रमाणे तिथे वेग कमी व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो वाढला. कारण ध्वनीच्या वेगापलीकडे गेलेला वायू ज्या प्रमाणात वेगवान होतो, त्याहून अधिक प्रमाणात विरळ होतो आणि त्याला पुढे जायला जास्त जागा लागते. पाण्याला हा नियम लागू नाही, कारण ते असे विरळ होत नाही. म्हणूनच पाण्यावरून बांधलेले अंदाज इथे फसतात.

झोताला मिळालेल्या वेगाने नवे संकट उभे केले. अशा झोताची शक्ती नीट घ्यायची तर चाकाच्या कडेचा वेग झोताच्या निम्म्याच्या जवळपास हवा. लाव्हाल यांची लहान टर्बाइने मिनिटाला ३०,००० फेरे घेत आणि मोठ्या टर्बाइनांच्या चाकाची कड सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने धावे. एवढ्या वेगात साधे चाक स्वतःच्याच ओढीने फुटते. म्हणून त्यांनी मध्याशी जाड आणि कडेला पातळ असे चाक घडवले, जेणेकरून ताण सगळीकडे सारखा वाटला जावा. दुसरे संकट आसाचे होते. कुठलेही चाक कितीही काळजीने केले तरी त्याचा तोल तंतोतंत साधत नाही आणि एका ठरावीक वेगाला आस भयानक थरथरू लागतो. त्या वेगाच्या पलीकडे आस चालूच शकत नाही, असे स्कॉटलंडचे थोर अभियांत्रिकी प्राध्यापक रँकिन यांनी १८६९ मध्ये लिहून ठेवले होते. शहाणपणाचा उपाय म्हणजे आस अधिकाधिक जाड करणे. लाव्हाल यांनी तो मुद्दाम बारीक आणि लवचीक केला. थरथरीचा वेग झपाट्याने ओलांडला की असा आस आपोआप स्थिरावतो आणि चाक आपल्या खऱ्या गुरुत्वमध्याभोवती निवांत फिरू लागते, हे त्यांनी चालवून दाखवले. याची गणिती उपपत्ती जर्मनीत आउगुस्ट फ्योप्ल यांनी १८९५ मध्ये मांडली, म्हणजे यंत्र चालू लागल्यावर कित्येक वर्षांनी.

त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत हाच क्रम दिसतो. आधी वस्तू आणि मागाहून तिचे शास्त्र. १८९३ मध्ये त्यांनी टर्बाइनसाठी वेगळी कंपनी काढली आणि त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हे यंत्र मांडले. लोक त्याच्या फेऱ्यांचा आकडा ऐकून थक्क होत. गळ्यापुढे वाफ खरोखर ध्वनीपेक्षा वेगाने जाते का, हा वाद मात्र त्या वेळी तज्ज्ञांतही मिटलेला नव्हता आणि लाव्हाल यांच्यापाशी त्याचा पुरावा नव्हता. झोत चाक फिरवत होता, एवढेच त्यांना पुरे होते.

पुरावा दिला आउरेल स्टोडोला यांनी. आजच्या स्लोव्हाकियात जन्मलेले स्टोडोला झुरिकच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक होते. नॉझलच्या मध्यरेषेवरून त्यांनी एक बारीक नळी आरपार नेली. तिला एका जागी छोटे छिद्र होते. नळी पुढेमागे सरकवत त्यांनी वाफेच्या मार्गावर ठिकठिकाणचा दाब मोजला. गळ्यापाशी दाब अपेक्षेएवढा उतरत होता आणि पुढच्या रुंद भागात तो आणखी उतरतच जात होता. वेग वाढतच असल्याची ती खूण होती. स्टोडोला यांनी बाहेरचा दाब थोडा वाढवून पाहिला, तेव्हा रुंद भागात मध्येच दाब एकाएकी उसळी घेताना दिसला. ध्वनीपेक्षा वेगवान प्रवाह क्षणात मंद होतो, ती ही आघात लहर होती. हे प्रयोग १९०३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठोपाठ जर्मनीत लुडविग प्रांट्ल यांनी नॉझलमधून सुटणाऱ्या झोतांची छायाचित्रे घेतली आणि अदृश्य वायूतल्या तिरप्या लहरी कागदावर उमटल्या. लाव्हाल तेव्हा हयात होते.

त्यांचे लक्ष तोवर भलतीकडेच होते. सेपरेटर कंपनीचे समभाग विकून येणारा पैसा ते नव्या कल्पनांत ओतत. विजेच्या भट्टीत जस्त वितळवणे, विजेचे दिवे, उच्च दाबाचे बाष्पक, दुधातला स्निग्धांश मोजण्याचे उपकरण, गायींचे दूध काढण्याचे यंत्र, जहाजाच्या तळाखाली हवेचा थर सोडून पाण्याचे घर्षण कमी करणे, असे विषय त्यांच्या वह्यांतून एकामागून एक उगवत. ९२ स्वीडिश पेटंटे आणि ३७ कंपन्या, असा त्यांचा हिशेब सांगितला जातो. मधल्या काळात त्यांनी स्वीडनच्या संसदेचे सदस्यत्वही भूषवले. या ३७ पैकी टिकल्या मोजक्याच. एक कंपनी रुळावर येण्याआधीच दुसरीची घोषणा होई आणि पहिलीचे पैसे तिच्यात जात. दूध काढण्याच्या यंत्राचेच पाहा. त्यावर त्यांनी वर्षानुवर्षे डोके घातले, पण बाजारात चालेल असे यंत्र सेपरेटर कंपनीने आणले १९१८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी.

टर्बाइनच्या बाबतीत तर प्रतिस्पर्धीच सरस ठरला. इंग्लंडच्या चार्ल्स पार्सन्स यांनी १८८४ पासून वाफेचा दाब एकदम न सोडता चाकांच्या अनेक रांगांतून टप्प्याटप्प्याने उतरवण्याची पद्धत धरली होती. तीत वेग आवाक्यात राही आणि यंत्र हवे तेवढे मोठे करता येई. विजेच्या कारखान्यांनी पार्सन्सची वाट पत्करली. लाव्हाल यांचे एकाच चाकाचे टर्बाइन काहीशे अश्वशक्तीच्या पुढे जाऊ शकले नाही. पंप, पंखे आणि छोटी जनित्रे यांच्यापुरते ते उरले. त्यांचा दोष होता तो हाच, की वेग हाती आल्यावर तो वाटून घेण्याचे धोरण त्यांना रुचले नाही. पैशाच्या व्यवहारातही त्यांनी तेच केले, असे म्हणायचा मोह होतो; पण यंत्रावरून माणसाचे निदान करणे धोक्याचे असते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. एके काळच्या या धनाढ्य संशोधकाच्या मागे फारशी मालमत्ता उरली नव्हती. त्यांच्या टिपणवह्या स्टॉकहोमच्या तंत्रविज्ञान संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत.

टर्बाइन मागे पडले, पण त्याचे नॉझल पुढे निघून गेले. अमेरिकेत रॉबर्ट गोडार्ड यांनी अग्निबाणाच्या प्रयोगांत ते वापरले आणि १९१९ च्या आपल्या निबंधात त्याचे निष्कर्ष दिले. आजच्या प्रत्येक मोठ्या अग्निबाणाच्या तळाशी दिसणारा घंटेसारखा भाग हा त्याच घराण्यातला. विजेच्या क्षेत्रात १९३० च्या दशकात दाबलेल्या हवेचा झोत सोडणारे ब्रेकर आले आणि १९५० च्या दशकात सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू आला. तो हवेच्या पाचपट जड, विजेला कमालीचा विरोध करणारा आणि प्रज्योत चटकन गिळणारा. त्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १३४ मीटर, म्हणजे हवेतल्या निम्म्याहूनही कमी असतो. साहजिकच तो लवकर अडतो आणि ध्वनीचा वेगही लवकर ओलांडतो.

ब्रेकरच्या नॉझलमधले दृश्य वाफेच्या नॉझलपेक्षा फार गुंतागुंतीचे आहे. प्रवाह ऐन भरात असताना प्रज्योत एवढी फुगते, की सारा गळा तीच अडवून धरते. वायूला पुढे वाट राहत नाही. उलट तापलेला वायू मागे सरतो आणि मागच्या कोठीतला दाब वाढवतो. नॉझल टेफ्लॉनचे असते. त्याच्या भिंतींचा पातळ थर जळून वाफ होतो आणि त्या दाबात भर घालतो. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. तो शून्याकडे उतरू लागला की प्रज्योत बारीक होते, गळा मोकळा होतो आणि कोंडलेला वायू त्यातून सुसाट सुटून तिची उष्णता ओढून नेतो. शत्रूच्याच बळावर शत्रूला मारण्याचा हा डाव आहे. तो साधला तर शून्याच्या क्षणी विझलेली प्रज्योत पुन्हा पेटत नाही. मात्र लाव्हाल यांचा झोत इथे दुधारी ठरतो. ध्वनीहून वेगवान झालेला वायू विरळ होतो आणि विरळ वायू विजेचा दाब कमी पेलतो. आघात लहर कुठे उभी राहते आणि संपर्काच्या टोकाशी वायू किती दाट उरतो, यावर सगळे अवलंबून असते. गळा एखाद्या मिलिमीटरने बदलला किंवा पुढच्या रुंदावणाऱ्या भागाचा कोन थोडा बदलला, तरी निकाल फिरू शकतो.

स्टोडोला यांच्यासारखी नळी इथे घालता येत नाही. प्रज्योतीत ती क्षणभरही टिकणार नाही. कोठीतला दाब बाजूने मोजता येतो, पण गळ्याच्या मध्यावर काय चालले आहे ते बाहेरून कळत नाही. प्रत्यक्ष शॉर्टसर्किट देऊन घेतलेल्या चाचण्या महाग असतात आणि त्या ब्रेकर पास की नापास एवढेच ठासून सांगतात. म्हणून नॉझलच्या पोकळीचे असंख्य लहान घरांत विभाजन करून प्रत्येक घरातला वायू संगणकावर हिशेबात धरतात. त्यात वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांचा जमाखर्च जुळवायचा, प्रज्योतीचे प्रारण किती आणि कुठे शोषले गेले ते धरायचे, टेफ्लॉनची वाफ मिसळायची, सरकणारे संपर्क दाखवायचे आणि हे सगळे सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशांच्या पावलांनी पुढे न्यायचे. दोन हजार अंशांच्या आसपास सल्फर हेक्झाफ्लोराइडचे रेणूच फुटू लागतात, त्यामुळे वायूचे गुणधर्म तापमानागणिक बदलत राहतात. आलेले आकडे कोठीत मोजलेल्या दाबाशी ताडून पाहतात. ते जुळले, तरच गळ्याच्या आतल्या चित्रावर विश्वास ठेवायचा. प्रज्योतीतली खळबळ आणि प्रारण या दोन बाबतींत अजूनही अंदाजाचे टेकू लावावे लागतात.

ही सगळी मांडणी आता पुन्हा करावी लागत आहे. सल्फर हेक्झाफ्लोराइड पृथ्वीला तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २४,००० पट प्रभावी आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये नवा नियम करून विजेच्या नव्या उपकरणांतून त्याला टप्प्याटप्प्याने हद्दपार करायला सुरुवात केली. त्याच्या जागी पुढे येणाऱ्या पर्यायांत मुख्यतः कार्बन डायऑक्साइड असलेली मिश्रणे आहेत. या वायूत ध्वनीचा वेग जवळपास दुप्पट. त्यामुळे कोठीतला दाब लवकर ओसरतो आणि शून्याच्या क्षणापर्यंत पुरेसा झोत उरेल याची खात्री राहत नाही. जुन्या वायूसाठी बेतलेले नॉझल जसेच्या तसे बसवून भागत नाही. कोठी किती मोठी हवी, गळा किती अरुंद हवा आणि त्यापुढचा कर्णा किती उघडायचा, हे प्रत्येक मिश्रणासाठी नव्याने काढावे लागते आहे.